सीलिंगचा सांगाडा: स्लॅब, पत्रा आणि कौलांखाली कोणता, कसा बांधायचा

बेळगावात फॉल्स सीलिंगचं काम द्यायला गेलात की मेस्त्री आधी मोबाइल काढतो आणि डिझाइनचे फोटो दाखवायला लागतो. कोव्ह (कडेच्या खाचेत दडवलेले दिवे), प्रोफाइल लाइट, मधोमध गोल. चौरस फुटाचा दर ठरतो, रंग ठरतो, आणि तुमच्या डोक्यावर स्लॅब आहे, पत्रा आहे की कौलं, हे कुणी विचारतच नाही. दिसतो तो बोर्ड, पण वजन पेलतो तो वरचा सांगाडा. तो कशाला आणि कसा टांगला आहे, यावर सीलिंग किती वर्षं टिकेल ते ठरतं.

आपल्या भागात हा प्रश्न जरा जास्तच महत्त्वाचा आहे. शहापूर, वडगाव, अनगोळमध्ये बहुतेक स्लॅबची घरं, उद्यमबागेत पत्र्याच्या शेड, खानापूरच्या पुढे जांबोटी-कणकुंबीकडे कौलं आणि चार महिने धो धो पाऊस, तर चिकोडी-निपाणीकडे पाऊस कमी आणि उन्हाचा ताप जास्त. टिळकवाडीच्या फ्लॅटमध्ये छान टिकलेलं सीलिंग कणकुंबीच्या घरात तसंच्या तसं बसवलं तर दोन पावसाळ्यांत पोट सोडतं.

आधी वर बघा

स्लॅब असेल तर काम सोपं. फास्टनर (स्लॅबच्या भोकात घट्ट बसणारा बोल्ट) कुठंही मारता येतो, फक्त वायरिंगचे पाइप कुठून गेलेत ते इलेक्ट्रिशियनकडून खडूने आखून घ्या. त्याआधी गच्चीवर दोन दिवस पाणी साचवून ठेवा. गळती असेल तर ती आता कळू दे. वरच्या मजल्यावर बाथरूम असेल तर त्याची परीक्षाही याच वेळी घ्यावी. एकदा बोर्ड चढला की पाणी आत साचत राहतं आणि डाग दिसेपर्यंत निम्मं नुकसान झालेलं असतं.

पत्र्याच्या छपराखाली पत्र्याला काहीही टांगायचं नाही. सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू पत्र्यातून वर काढून त्याला तार बांधणारे महाभाग आहेत. पावसाळ्यात त्याच भोकातून पाणी उतरतं. वजन पर्लिनला (पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या दांड्यांना) किंवा कैचीला (छपराच्या त्रिकोणी चौकटीला) द्यावं, तेही शक्यतो भोक न पाडता क्लॅम्प लावून. दोन पर्लिनमधलं अंतर चार-पाच फुटांपेक्षा जास्त असेल तर मध्ये लोखंडी अँगल टाकून त्यावरून हँगर, म्हणजे सीलिंग टांगायच्या पट्ट्या, सोडाव्यात. पत्रा उन्हात फुगतो, रात्री आक्रसतो, वाऱ्यात थरथरतो. त्यामुळे सांधे बुजवून केलेलं जिप्सम बोर्डाचं सलग सीलिंग इथं तडकतं. सुटे टाइल बसणारं ग्रिड किंवा पीव्हीसी पॅनेल इथं बरं.

जुन्या गल्ल्यांतल्या कडीपाटाच्या (लाकडी कड्या आणि वर फळ्या) घरांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: सागवानी कडीपाट चांगल्या अवस्थेत असेल तर त्याखाली सीलिंग करू नका. घासून तेल-पॉलिश केलं तर त्याच्या तोडीचं डिझाइन कुठल्याच मोबाइलमध्ये सापडणार नाही. वायरिंग झाकायलाच हवी असेल तर कडेने एक फुटाची पट्टी पुरते. तरीही सीलिंग करायचं ठरलंच, तर आधी प्रत्येक तुळईचं भिंतीत गेलेलं टोक टोकदार हत्याराने टोचून बघा. वाळवी आणि ओल तिथूनच सुरू होते. टोक भुसभुशीत लागलं तर आधी सुतार, मग सीलिंग. हूक कडीत मारायचा, वरच्या फळीत नव्हे.

कौलारू छपराचं पुढे वेगळं सांगतो, कारण त्यात खाचाखोचा जास्त आहेत.

सांगाड्याचे प्रकार

सध्या सगळ्यात जास्त चालतो तो जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी, पट्ट्यांचा झाकलेला सांगाडा. त्याचे चार भाग लक्षात ठेवा. भिंतीला चारी बाजूंनी लागते ती पेरिमीटर चॅनेल. स्लॅबला टांगलेली जाड पट्टी म्हणजे इंटरमीडिएट चॅनेल, ही ०.९ मिमी जाडीची हवी. तिच्या खाली, तिला काटकोनात येतो सीलिंग सेक्शन, ज्याला जिप्सम बोर्ड स्क्रूने बसतो. आणि स्लॅबपासून इंटरमीडिएटपर्यंत उतरणारी अँगल पट्टी हा हँगर.

दुसरा प्रकार उघड्या टी-ग्रिडचा. बँका, क्लासेस, दवाखाने, शोरूम, सगळीकडे दिसतात ते दोन बाय दोन फुटांचे चौकोन. टाइल नुसती वर ठेवलेली असते, उचलली की वरची वायर, पाइप, एसी हाताशी येतात. घरात ते ऑफिससारखं दिसतं म्हणून लोक नको म्हणतात. दुकानाला मात्र त्याच्यासारखं सोयीचं काही नाही.

तिसरा लाकडी पट्ट्यांचा. दोन इंच बाय दीड इंचाच्या पट्ट्यांची दोन-दोन फुटांवर जाळी, त्यावर प्लाय. आठ बाय चारचा प्लाय दोन फुटांच्या घरांत कुठंही न अडता बसतो. पण लाकूड मुरलेलं पाहिजे. खानापूरकडे सॉ मिलमधून ताजं चिरलेलं लाकूड आणून आठवड्यात चढवलं, तर ते वर गेल्यावर पीळ धरतं आणि सगळी पातळी जाते. पट्टीच्या चारी बाजूंना आणि कापलेल्या टोकांना वाळवीचं औषध मारून वाळवल्याशिवाय ती वर जाता कामा नये. प्लाय ओलीच्या खोलीत आयएस ७१० मानकाचा (मरीन) लागतो, कोरड्या खोलीत आयएस ३०३ चा चालतो.

पीव्हीसी पॅनेलला वेगळा सांगाडा लागत नाही. तेच जीआय सेक्शन पॅनेलला आडवे, दीड ते दोन फुटांवर टाकले की झालं. बाथरूम, गॅलरी, पोर्च यांना उत्तम. गॅसच्या शेगडीच्या डोक्यावर किंवा तापणाऱ्या दिव्यालगत लावू नका, ते मऊ पडून वाकतं.

पीओपीचं (प्लास्टर ऑफ पॅरिसचं) काम अजून चालतं, विशेषतः नक्षी आणि गोलाई हवी असेल तेव्हा. सांगाडा जीआयचाच, त्याला पीओपीच्या ओतीव शीट तारेने बांधून सांधे काथ्या आणि पीओपीने भरतात. चांगला कारागीर असेल तर सांधा शोधून सापडत नाही. पण ते जड असतं आणि पूर्ण वाळायला वेळ घेतं. धातूच्या क्लिप-इन टाइल आणि बॅफल हे मोठ्या इमारतींचं काम आहे, घरासाठी त्यात शिरायची गरज नाही.

जिप्समचा सांगाडा पायरीपायरीने

उदाहरणाला १० बाय १२ फुटांची खोली घेऊ, वर स्लॅब.

पहिलं काम पातळीचं. जमिनीपासून मोजून वर खुणा करू नका, कारण जमीन स्वतःच सपाट नसते. पारदर्शक नळीत पाणी भरा, बुडबुडे पूर्ण काढा आणि चारी भिंतींवर छातीच्या उंचीला एकाच पातळीच्या खुणा करून दोरीने रेघ पाडा. लेझर असेल तर आणखी छान. आता या रेघेपासून वर मोजून सीलिंगच्या उंचीला दुसरी रेघ पाडायची. सीलिंग किती खाली येणार ते सगळ्यात खाली आलेल्या बीमवर आणि दिव्यांच्या खोलीवर अवलंबून असतं. साध्या डाउनलाइटला पाच-सहा इंच पुरतात. राहत्या खोलीची उंची राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे २.७५ मीटर म्हणजे नऊ फूट असावी. एसी असेल तर २.४ मीटरपर्यंत चालते. साडेनऊ फुटांच्या स्लॅबखाली एक फूट उतरवणारं डिझाइन कुणी दाखवलं तर तिथंच थांबवा.

दुसरं, पेरिमीटर. या वरच्या रेघेवर चॅनेल धरून दर दोन फुटांना गिट्टी (स्क्रू धरण्यासाठी भोकात ठोकायची नळी) आणि स्क्रू. विटेच्या भिंतीत अडचण नाही. जांभ्याच्या चिऱ्याची किंवा जुनी मातीच्या सांध्यांची भिंत असेल तर भोक चिऱ्याच्या मधोमध घ्या आणि लांब गिट्टी वापरा. सांध्यात मारलेली गिट्टी हाताने ओढली तरी बाहेर येते. आमच्या खोलीला घेर ४४ फूट, म्हणजे १२ फुटी चार नग.

तिसरं, इंटरमीडिएट. हे चार फुटांवर. खोलीच्या १० फुटी बाजूला समांतर टाकायचे ठरवले तर १२ फुटांत तीन येतात: भिंतीपासून दोन, सहा आणि दहा फुटांवर. प्रत्येकाला तीन हँगर, एकूण नऊ. हँगर स्लॅबला सॉफिट क्लीट (स्लॅबला टेकणारा काटकोनी तुकडा) आणि धातूच्या डॅश फास्टनरनेच लावायचा. स्लॅबला भोक पाडून लाकडी खुंटी ठोकून त्यात स्क्रू मारायची पद्धत अजून दिसते. लाकूड सुकलं की खुंटी सैल होते. या खोलीच्या नुसत्या बोर्डांचंच वजन शंभर किलोच्या आसपास जातं. ते माणसांच्या डोक्यावर असतं, एवढं ध्यानात घेऊन प्रत्येक हँगर हाताने लोंबकळून बघा. बघण्यातलं बघणं नव्हे, खरोखर जोर द्यायचा.

चौथं, सीलिंग सेक्शन. हे इंटरमीडिएटला काटकोनात, १८ इंचांवर, आणि जिथं जिथं दोन्ही एकमेकांना छेदतात तिथं कनेक्टिंग क्लिप. आमच्या खोलीत सहा सेक्शन, प्रत्येक १२ फूट लांब, एकही तुकडा वाया न जाता. उलट दिशेने टाकले असते तर १०-१० फुटांचे सात लागले असते आणि प्रत्येकाचा दोन फूट तुकडा भंगारात. मेस्त्रीला विचारा, त्याने दिशा ठरवताना हा हिशेब केला का. क्लिपा येतात अठरा. त्या मोजा. दोन-चार ठिकाणी क्लिपऐवजी नुसता स्क्रू मारून वेळ वाचवलेला हमखास सापडतो.

१८ इंच का, तर सहा फुटी बोर्ड बरोबर चार घरांत बसतो, त्याचं टोक सेक्शनवरच येतं. २० इंचांवर टाकले तर टोक अधांतरी. २४ इंचांवर टोक सेक्शनवर येतं खरं, पण मधला बोर्ड हळूहळू पोट सोडतो आणि कोव्ह लाइट लावला की लाटा दिसतात. चौरस फुटाचा दर कुणी फारच कमी सांगितला तर त्याचं रहस्य बहुतेक वेळा इथंच असतं, किंवा पट्टीच्या जाडीत.

जाडीचं कसं ओळखायचं? ०.५५ मिमीचा १२ फुटी सीलिंग सेक्शन वजनाला साधारण दोन किलो भरतो. साईटवर आलेल्या गठ्ठ्यातली एक पट्टी काढून किराणा दुकानाच्या काट्यावर टाका. सव्वा किलो भरली तर ती ०.३५ ची आहे, बिलात काहीही लिहिलेलं असो. बोटांनी दाबून, वाकवून जाडी कळते असं सांगणारे पुष्कळ आहेत. काटा खोटं बोलत नाही.

पाचवं, वायरिंग. बोर्ड चढायच्या आधी सगळ्या वायरी पाइपातून, प्रत्येक दिव्याच्या जागी पुरेशी लांबी सोडून. मोकळ्या वायरी सांगाड्यावर टाकून दिल्या की पट्टीची धार आणि उंदीर दोघंही त्यांच्या मागे लागतात. एलईडी पट्टीचे ड्रायव्हर (तिला वीज पुरवणाऱ्या डब्या) कुठं ठेवणार ते आत्ताच ठरवा आणि तिथं दीड फुटाचा ट्रॅपडोअर ठेवा. ड्रायव्हर कधी ना कधी जातो, आणि दार नसेल तर तो बदलायला बोर्ड कापावा लागतो.

सहावं, बोर्ड. १२.५ मिमीचा, लांबी सेक्शनला आडवी. क्षेत्रफळाने पाच बोर्ड पुरतात असं वाटतं, पण सांधे एका रेषेत येऊ नयेत म्हणून मधली ओळ वेगळ्या तुकड्याने सुरू करावी लागते. पहिली ओळ सहा आणि चार फूट, दुसरी साडेचार आणि साडेपाच, तिसरी परत सहा आणि चार. सहा बोर्ड आणा. २५ मिमी ड्रायवॉल स्क्रू दर नऊ इंचांवर, बोर्डाच्या कडेपासून १०-१५ मिमी आत. स्क्रूचं डोकं कागदाच्या किंचित आत जावं, पण कागद फाटू नये. फाटला तर तो स्क्रू वजन धरत नाही. शेजारी दुसरा मारायचा.

सातवं, सांधे. कागदी टेप आणि जॉइंटिंग कंपाउंडचे तीन हात, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. श्रावणात हे काम काढलंत तर वाळण्याची वाट बघता बघता मेस्त्री दुसऱ्या साईटवर निघून जातो, आणि परत येऊन ओल्यावरच हात मारतो. दिवाळीनंतर ते एप्रिलपर्यंतचे दिवस यासाठी चांगले. मेमध्ये वळिवाचा भरवसा नाही. हॉल मोठा असेल, सलग १०-१२ मीटरच्या पुढे जात असेल, तर मध्ये कंट्रोल जॉइंट, म्हणजे बोर्ड फुगण्या-आक्रसण्यासाठी मुद्दाम सोडलेली फट, मागून घ्या.

साईटवर मराठी, कन्नड, हिंदी सगळं एकाच वेळी चालू असतं. सांगितलेलं माप तिसऱ्या माणसापर्यंत जाताना बदलतं. भिंतीवरच मार्करने आकडे लिहून ठेवा, नाहीतरी ती भिंत रंगणारच आहे.

पंखा

सांगाड्याला पंखा कधीही लावायचा नाही. फिरताना तो सतत सूक्ष्म हिसके देतो आणि क्लिपा सैल होतात. पंखा स्लॅबमधल्या हुकाला, लांब रॉडने. बोर्डातलं भोक रॉडपेक्षा मोठं हवं, रॉड कुठंही बोर्डाला टेकता कामा नये. पाती सीलिंगपासून एक फूटभर खाली असली तर वारा नीट लागतो, आणि जमिनीपासून किमान साडेसात फूट वर. हे दोन्ही जमत नसेल तर सीलिंग कमी उतरवा किंवा मधला भाग मोकळा सोडून नुसती कडेची पट्टी करा. झुंबरालाही हाच नियम.

दुकानाचं ग्रिड

ग्रिडमध्ये चूक होते ती आखणीत. एका भिंतीपासून पूर्ण टाइल लावत गेलं की शेवटी दुसऱ्या भिंतीला चार बोटांची चिंधी उरते. १५ फूट रुंदीचं दुकान घ्या, म्हणजे सुमारे ४५७० मिमी. ६०० च्या सात टाइल बसवल्या तर ३७० उरतात, दोन्हीकडे १८५-१८५. अर्ध्या टाइलपेक्षा कमी, दिसायला वाईट. सहाच पूर्ण टाइल घ्या, ९७० उरतात, दोन्हीकडे ४८५. म्हणून मधली रेघ आधी काढायची आणि दोन्ही बाजूंना मोजत जायचं. लांबीलाही तसंच.

मेन टी, म्हणजे ग्रिडची मुख्य पट्टी, १२०० मिमीवर, तिला हँगर १२०० वर, पहिला हँगर भिंतीपासून दीड फुटाच्या आत. मग १२०० चे आडवे क्रॉस टी, मग ६०० चे. दोन-तीन चौकोनांचे कर्ण मोजून सारखे आले की पुढे जा. टाइल तिरकी करून बाहेर काढायला वर पाच-सहा इंच मोकळी जागा लागते. एसीचा पाइप अगदी ग्रिडला चिकटवून नेला तर ती टाइल कायमची अडकली. एलईडी पॅनेलला वरून टांगायला स्वतःची तार द्या. मिनरल फायबरची टाइल दमट हवेत वाकते, तेव्हा प्लास्टर, फरशी, रंग असली सगळी ओली कामं संपल्यावरच ती चढवा, आणि घेताना आरएच (हवेतला किती टक्के दमटपणा सोसते ते) ९५ किंवा ९९ ची मागा. निपाणीत जुन्या तंबाखूच्या वखारीचं शोरूम करायचं असेल, उंच छप्पर, वर पत्रा किंवा कौल, तर हेच ग्रिड वजनाला हलकं आणि दुरुस्तीला सोपं पडतं. हँगर लांब होतात, म्हणून अधूनमधून तिरपे ताण द्या, नाहीतर शटर आदळलं की अख्खं सीलिंग डुलतं.

कौलांखाली

खानापूर तालुक्यात पावसाच्या झडीत पाण्याचे बारीक तुषार कौलांच्या खाचेतून आत येतातच, कौल फुटलेलं नसलं तरी. त्यामुळे इथं जिप्सम आणि पीओपी दोन्ही बाद. लाकडी फळ्या, सिमेंट फायबर बोर्ड किंवा पीव्हीसी, एवढंच वापरावं.

आधी कौलं उतरवून रिपा (कौलं ज्यावर टेकतात त्या पट्ट्या) तपासा, कुजलेल्या बदला, आणि जमत असेल तर कौलांखाली जलरोधक पडदा किंवा पातळ पत्रा टाका. खर्च होतो, पण खालच्या सगळ्या कामाचा तोच विमा. सांगाडा वाशांना टांगायचा, रिपांना नाही. वासे सहसा हाताने तासलेले, अंतर कमीजास्त, कुठं वाकडे. म्हणून वाशांना आडवी दोन बाय तीन इंचांची दांडी आधी बांधा आणि तिच्यापासून पातळी साधून हँगर सोडा. वाकड्या वाशाला थेट सेक्शन ठोकला तर सीलिंगलाही तीच कुबड येते.

सपाट करायचं की उताराबरोबर? उताराबरोबर केलं तर खोली उंच राहते, गारवा टिकतो, उंदरांना माळा मिळत नाही. सपाट केलं तर वर अंधारी पोकळी तयार होते आणि वटवाघळं, गांधीलमाशा, उंदीर सगळे तिथं संसार थाटतात. सपाटच हवं असेल तर दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत हवेसाठी झरोके ठेवा, त्यांना बारीक जीआय जाळी लावा, आणि माणूस वर जाऊ शकेल असं दार ठेवा. पावसाळ्याआधी कौलं शाकारायला कुणीतरी वर जाणारच. पाय सांगाड्यावर पडू नये म्हणून दोन तुळयांवर चालायची फळी टाकून ठेवा. पट्ट्यांवरचा जस्ताचा थर कापलेल्या टोकाला उरत नाही, तिथं झिंक प्रायमरचा हात द्यायला सांगा.

पैसे देताना

कोटेशनमध्ये पट्टीची जाडी, सेक्शनचं अंतर, हँगरचा प्रकार आणि बोर्डाची जाडी लिहून घ्या. कोव्हच्या उभ्या पट्ट्या क्षेत्रफळात धरल्या आहेत की रनिंग फुटावर वेगळ्या, हे आधी ठरवा. बहुतेक भांडणं त्याच्यावरच होतात. पैशांचा एक हप्ता सांगाडा तपासण्याला बांधा. बोर्ड चढण्यापूर्वी स्वतः शिडीवर चढून अंतरं मोजायची, क्लिपा मोजायच्या, हँगर ओढून बघायचे, मगच तो हप्ता. त्याच वेळी टेप धरून प्रत्येक भिंतीकडून फोटो काढा. पुढे पडद्याचा रॉड किंवा एसीचा पाइप लावायला कुणी आलं, की बोर्डाआड सेक्शन नेमका कुठं आहे ते त्याच फोटोतून सांगता येतं.